तान्ह्या बाळाचा पासपोर्ट फोटो : ऐकीव नियम आणि खरे नियम

वसई-विरारमध्ये आता कित्येक घरांत बाळ पालथं पडायच्या आधीच त्याच्या पासपोर्टची धावपळ सुरू होते. कुणाचे बाबा कुवेतला असतात, कुणाची आत्या कॅनडात, कुणाच्या आईची बाळंतपणाची रजा संपली की दुबईला परतायचं असतं. आई-वडिलांच्या पासपोर्टवर बाळाचं नाव चढवून प्रवास करण्याचे दिवस केव्हाच गेले. महिन्याभराच्या बाळालाही आता स्वतःचा वेगळा पासपोर्ट लागतो. कागदपत्रांची जुळवाजुळव सगळे जिवापाड करतात. फोटोचं मात्र ‘जाता जाता स्टेशनजवळ काढू’ असं ठरतं, आणि नेमकं तिथेच काम अडतं. तान्ह्याला दुपट्यात गुंडाळून वसईहून मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रापर्यंत जायचं आणि फोटो चालत नाही म्हणून तसंच परत यायचं, यात एक रजा वाया जाते आणि बाळाचे हाल होतात ते वेगळेच. हे टाळता येतं. त्यासाठी काही ऐकीव गोष्टी आधी डोक्यातून काढायला हव्यात.

पहिली म्हणजे, ‘फोटो तिथे केंद्रातच काढतात.’ मोठ्यांसाठी हे खरं आहे. पासपोर्ट सेवा केंद्राच्या खिडकीवर कॅमेरा असतो आणि तिथलाच फोटो पासपोर्टवर येतो. पण चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो पालकांनी सोबत न्यायचा असतो : ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, मागे पांढरा पडदा. याची दुसरी बाजूही अनेकांना माहीत नसते. फोटो नेला म्हणून बाळाला घरी आजीजवळ ठेवून चालत नाही. अर्ज बाळाचा आहे, तेव्हा बाळ प्रत्यक्ष हजर हवं.

दुसरा समज असा की हे नियम म्हणजे निव्वळ सरकारी कटकट, चेहरा ओळखू आला की झालं. पण पासपोर्टवरचा चेहरा आता माणसाआधी यंत्र बघतं. नव्या ई-पासपोर्टमध्ये तर चिप असते आणि तिच्यात हाच फोटो साठवलेला असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, जगभरच्या पासपोर्टांसाठी जे निकष ठरवले आहेत, त्यांच्या मुळाशी यंत्राने घेतलेलं चेहऱ्याचं मोजमाप आहे. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाक, ओठ, हनुवटी आणि चेहऱ्याची कड स्वच्छ दिसली पाहिजे. एका गालावर सावली पडली, मान कलली किंवा डोळा मिटलेला राहिला की हे मोजमाप चुकतं. हे एकदा ध्यानात आलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. परदेशातल्या भारतीय दूतावासांत आणि वाणिज्य दूतावासांत १ सप्टेंबर २०२५ पासून हे निकष सक्तीचे झाले आहेत. चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापलेला हवा, डिजिटल फोटो ६३० बाय ८१० पिक्सेलचा हवा, पार्श्वभूमी पांढरी, डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं हवं. आखातात राहणाऱ्या वसईकरांनी हे आकडे लिहून ठेवावेत. इथे, घरी फोटो काढतानाही हेच निकष डोळ्यांसमोर ठेवले तर चूक होत नाही.

आता तीट. फोटो काढायचा म्हटलं की आजी पहिली धावते ती काजळाच्या डबीकडे : “बाळाचा फोटो काढताय आणि तीट नाही? लोक बघणार ना तो!” तिची माया खरी आहे. पण गालावरचा किंवा कपाळावरचा काळा ठिपका फोटोत डाग किंवा जन्मखूण वाटतो, आणि पासपोर्ट निघाला की पाच वर्षं तो तिथेच राहतो. डोळ्यांतल्या काजळाने पापणीची कड जाड दिसते. बाळाने डोळे चोळले की ते गालभर पसरतं ते वेगळंच. शिवाय बाजारातल्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं आढळलेलं आहे. तान्ह्याच्या डोळ्यांत काजळ घालू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते त्याचसाठी. आजीचं मन राखायचं तर तीट पायाच्या तळव्याला लावा, तिथपर्यंत कॅमेरा पोचत नाही. चेहरा मात्र कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून घ्या. मालिशचं तेल कपाळावर राहिलं असेल तर तेही टिपून घ्या, नाहीतर तिथे चकाकी येते. टोपरं, कुंची, हेअरबँड सगळं काढा.

‘पांढऱ्यावर पांढरं शोभून दिसतं’ हाही असाच एक समज. पांढरं झबलं पांढऱ्या चादरीत विरघळून जातं आणि फोटोत नुसतं डोकं तरंगताना दिसतं. गडद निळं, मरून, हिरवं, कुठलंही गडद झबलं घाला, म्हणजे खांद्याची रेघ उठून दिसते. गळ्याशी मोठी कॉलर किंवा झालर नको. तान्ह्याला मान अशी दिसतच नाही, त्यामुळे झालर थेट हनुवटी झाकते.

सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो डोळ्यांचा. ‘एवढ्या लहान बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात’ असं एकजण सांगतो, ‘डोळे उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे बघायलाच हवं’ असं दुसरा. दोघांचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या देशाच्या बाबतीत खरं आहे. ब्रिटनच्या पासपोर्टसाठी एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात. अमेरिकेच्या पासपोर्टसाठी नवजात बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी खपवून घेतात. नातेवाइकांच्या फोनवरून इथे येते ती ही माहिती. भारतीय पासपोर्टसाठी अशी सवलत गृहीत धरू नका. दोन्ही डोळे उघडे असलेलाच फोटो न्या.

पण ते उघडायचे कसे? इथे बाळाच्या वयाचा विचार करावा लागतो. पहिल्या महिन्यात बाळाला साधारण वीतभर ते फूटभर अंतरावरचंच बरं दिसतं. दूरवरच्या मोबाइलकडे ते बघणार नाही, त्याने तिकडे बघावं ही अपेक्षाच चुकीची आहे. उजेड डोळ्यांवर आला की ते डोळे घट्ट मिटतं. म्हणून आधी खोलीतला दिवा मालवा, पडदा थोडा ओढा आणि बाळाला खांद्यावर उभं धरा. उभं धरलं की तान्ही बाळं बहुतेक वेळा आपणहून डोळे उघडतात. डोळे उघडले की हळूच चादरीवर ठेवा आणि आईने आपला चेहरा मोबाइलच्या अगदी लगत आणावा. बाळाला खरी ओढ असते ती आईच्या चेहऱ्याची आणि आवाजाची. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला खुळखुळा चालतो, पण तो मोबाइलच्या बरोबर मागे वाजवा. बाजूला वाजवला की नजर तिकडे जाते आणि मानही वळते. वेळ दूध पिऊन, ढेकर काढून झाल्यावरची. भुकेलं बाळ रडतं, नाहीतर जीभ बाहेर काढून चोखायला लागतं. फोटोत तोंड मिटलेलं हवं असतं आणि चोखणीला तर जागाच नाही.

‘बसता येत नाही, मग फोटो कसा काढणार?’ असं विचारणाऱ्यांना सांगायला हवं की बसवायची गरजच नाही. मान धरायला बाळाला तीन-चार महिने लागतात. त्याआधी कडेवर घेऊन काढलेल्या फोटोत कुणाचा तरी हात, खांदा किंवा साडीचा पदर येतोच. जमिनीवर गादी घाला, तिच्यावर इस्त्री केलेली पांढरी चादर ताणून घाला, बाळाला उताणं झोपवा आणि वरून फोटो काढा. जागा खिडकीजवळची, पण थेट ऊन येणार नाही अशी. जुन्या घराची पडवी असेल तर उत्तमच, तिथला सकाळचा मऊ उजेड कुठल्याही स्टुडिओच्या तोडीचा असतो. उजेड बाळाच्या समोरून, दोन्ही गालांवर सारखा पडू द्या आणि आपली स्वतःची सावली त्याच्यावर पडत नाही ना, ते बघा. मोबाइल चेहऱ्याशी नेऊ नका. फार जवळून काढलं की नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. उभं राहून, दुप्पट झूम करून, एका मागोमाग एक फोटो काढत राहा. पन्नासातला एक चांगला निघाला तरी काम झालं.

फ्लॅशबद्दल दोन टोकाचे समज आहेत. फ्लॅशने बाळाची नजर बिघडते ही भीती निराधार आहे. पण फ्लॅशशिवाय फोटो नीट येत नाही, हेही खरं नाही. फ्लॅशमुळे बाळ दचकतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात आणि कानामागे काळी सावली पडते. तो बंदच ठेवा.

आणि मग ते हुकमी वाक्य : ‘कसाही काढा, एडिट करून देतो.’ ते ऐकलंत की थांबा. निकषांत स्पष्ट म्हटलं आहे की संगणकावर बदललेला फोटो चालत नाही. मापात कापणं वेगळं आणि चेहरा बदलणं वेगळं. पार्श्वभूमी खोडणारी ॲप्स बाळाचं विरळ जावळ आणि कानाची पाळी खाऊन टाकतात. रंग उजळवला की नाकाची कडच नाहीशी होते. मिटलेल्या डोळ्यांच्या जागी दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे चिकटवणं ही तर सरळ फसवणूक झाली. घरी मागे पांढरी चादर असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

तोच फोटो व्हिसालाही चालेल, असंही धरून चालू नका. अमेरिकेच्या व्हिसाला दोन बाय दोन इंचांचा चौकोनी फोटो लागतो, तोही गेल्या सहा महिन्यांतला. शेंगेन व्हिसाचं माप मात्र आपल्यासारखंच, ३५ बाय ४५ मिलिमीटर. म्हणून मूळ फोटो जरा सैल चौकटीत काढा आणि न कापता जपून ठेवा, त्यातून हवं ते माप कापता येतं. बाल आधारसाठी हा फोटो न्यायची गरज नाही, तो आधार केंद्रातच काढतात.

बाळाचा चेहरा दर महिन्याला बदलतो, मग पासपोर्ट सारखा नवा काढायचा का? नाही. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि बाळ मोठं झालं एवढ्याच कारणाने तो बाद होत नाही.

फोटोबरोबर एक कागद आधीच तपासा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. बारशाआधी काढलेल्या दाखल्यावर बाळाचं नाव नसतं. नाव जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क चढवता येतं, त्यासाठी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जावं लागतं. बाळाचा जन्म परदेशात झाला असेल, तर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात वर्षाच्या आत नोंदणी करायला विसरू नका. भारतीय नागरिकत्वाचा मार्ग तिथूनच सुरू होतो.

वसई रोड, नालासोपारा आणि विरारच्या स्टुडिओवाल्यांना मात्र एक कळकळीची विनंती आहे. दुकानाच्या एका कोपऱ्यात एक गादी आणि एक स्वच्छ पांढरी चादर ठेवा, बाळासाठी फ्लॅश बंद करा, आणि बाळ रडायला लागलं तर आईला दूध पाजायला आडोसा द्या आणि अर्धा तास थांबा. पालक घरी काढलेला चांगला फोटो घेऊन आले, तर तो फक्त मापात कापून छापून द्या. चेहऱ्याला हात लावू नका.