काळ्या रेषेत बांधलेलं जग

कडा आणि साल

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सुपीरियर सरोवराला लागून अगावा नावाचा कडा आहे. पाण्याच्या थोडं वर, गेरूने रंगवलेला एक प्राणी तिथे दिसतो. डोक्यावर शिंगं, पाठीवर काटे, अंग मार्जारकुळातलं. हा मिशिपेशू. सरोवरात वादळं उठवणारा आणि तांब्याची राखण करणारा. त्याचा वैरी आकाशात राहतो, गडगडाट आणि विजा घेऊन येणारा मेघपक्षी. या भागातल्या ओजिब्वे या आदिवासी समाजाच्या कथांत या दोघांचं वैर कायमचं आहे.

ओजिब्वेंचा दुसरा ठेवा भूर्जाच्या सालीवरचा. मिडेविविन या विधी आणि औषधविद्या जाणणाऱ्यांच्या मंडळात गाणी, विधी, स्थलांतराच्या कथा सालीच्या गुंडाळ्यांवर खुणा कोरून जपत. मूळ गाणं ज्याला पाठ, त्यालाच त्या खुणा उलगडत. शिवाय प्रत्येक कुळाचा एक प्राणी असे: सारस, अस्वल, मासा. १७०१ साली माँट्रियलच्या तहावर अनेक आदिवासी प्रमुखांनी सहीच्या जागी असे प्राणीच काढले.

मॉरिसोने काय केलं

ओजिब्वे चित्रकार नॉर्व्हल मॉरिसो (१९३२–२००७) आजोळी वाढला आणि आजोबांकडून या कथा शिकला. तरुणपणी जिवावरच्या दुखण्यात त्याला नवं नाव देण्यात आलं, ‘तांब्याचा मेघपक्षी’. पुढे चित्रांवर तो हीच सही क्री भाषेच्या लिपीत करत असे.

त्याचं चित्र पाहताना आधी काळी जाड बाह्यरेषा डोळ्यांत भरते. मग आतलं दिसू लागतं: अस्वलाच्या पोटातले अवयव, माशाच्या अंगातली रंगीत खण, दोन भागांत चिरलेलं वर्तुळ. माणसापासून पक्ष्याकडे, पक्ष्यापासून माशाकडे एक रेष जाते. ती शोभेची नव्हे. एकाची शक्ती दुसऱ्यात कशी उतरते, ते ती दाखवते. ती रेष पुसली, तर माझ्या मते उरतात फक्त भडक रंगातले प्राणी.

१९६२ मध्ये टोरोंटोच्या पोलॉक गॅलरीत त्याचं प्रदर्शन झालं आणि सगळी चित्रं विकली गेली. या शैलीला ‘वुडलंड’ हे नाव पडलं. १९७३ मध्ये चित्रकार डॅफ्नी ओजिग यांच्या पुढाकाराने सात आदिवासी चित्रकारांनी संघटना काढली. मॉरिसो त्यांतला एक. २००६ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. फर्स्ट नेशन्समधल्या (इन्युइट आणि मेटी सोडून इतर आदिवासी समाजांतल्या) चित्रकाराचं तिथलं ते पहिलंच एकल प्रदर्शन.

दाखवावं की झाकावं?

विधीतल्या गोष्टी चारचौघांत मांडल्या म्हणून समाजातले काही वडीलधारे त्याच्यावर रागावले. राग समजण्यासारखा आहे. पण काळही पाहायला हवा. कॅनडाच्या कायद्याने आदिवासींच्या अनेक विधींवर घातलेली बंदी १९५१ पर्यंत टिकली, आणि मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत धाडलं जाई. खुद्द मॉरिसोही अशा शाळेत होता. सांगणारेच कमी होत असताना गुपित जपून काय साधणार, हा त्याच्या बाजूचा प्रश्न मला जास्त वजनदार वाटतो.

नकलांचा बाजार

मार्च २०२३ मध्ये ऑन्टारिओत पोलिसांनी मॉरिसोच्या नावावर खपवलेली हजाराहून अधिक बनावट चित्रं जप्त केली आणि आठ जणांना अटक केली. त्यांतल्या एकाला डिसेंबरात पाच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा या शैलीतलं चित्र घेणार असाल, तर नुसत्या सहीवर जाऊ नका. चित्रकार कोण, कोणत्या समाजातला आणि चित्र कोणाच्या हातून आलं, हे कागदावर मागा.