केंद्रक विरघळतं तेव्हा
सागरी जीवांचा जन्म : लेखांक ५

शुक्राणू अंडपेशीपर्यंत कसा पोचतो, ते मागच्या लेखात पाहिलं. आज अंडपेशीची बाजू. अंडपेशी निवांत पडून असते आणि सगळी धावपळ शुक्राणू करतो, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं चित्र पुसून टाकावं असं मला मनापासून वाटतं. फलनासाठी तयार होणं हे अंडपेशीचं स्वतःचं काम आहे, आणि त्याची सूत्रं बऱ्याच अंशी कॅल्शियमकडे असतात.

समुद्राच्या पाण्यात जेवढं कॅल्शियम असतं, त्याच्या जेमतेम एक लाखांश अंडपेशीच्या आत मोकळं असतं. पेशी ऊर्जा खर्चून ते सतत बाहेर उपसते किंवा आतल्या साठ्यांत बंद करून ठेवते. त्यामुळे पटलातली कॅल्शियम चॅनेल, म्हणजे फक्त कॅल्शियमचे आयन आत सोडणारी प्रथिनांची दारं, क्षणभर उघडली तरी आतलं प्रमाण झपाट्याने वाढतं. हा बदल पेशीला इशारा म्हणून पुरतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्पिसुला नावाचा मोठा शिंपला सापडतो. वूड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत त्याच्या अंड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या काम झालं आहे. ही अंडी पाण्यात सोडली जातात तेव्हा त्यांचं अर्धगुणसूत्री विभाजन पहिल्याच टप्प्यावर थांबलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक अंड्यात एक भलंमोठं, स्वच्छ, गोल केंद्रक दिसतं. शुक्राणू मिसळले की दहा-पंधरा मिनिटांत त्या केंद्रकाची कड आधी पुसट होते, मग वाकडीतिकडी होते आणि शेवटी केंद्रक दिसेनासं होतं. थांबलेलं विभाजन पुढे सरकल्याची ही खूण.

हे शुक्राणूशिवायही घडवता येतं. १९५३ साली आर. डी. ॲलन यांनी या अंड्यांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. समुद्राच्या पाण्यात जादा पोटॅशियम क्लोराइड घातलं, तर शुक्राणू नसतानाही केंद्रक विरघळतं. का? अंडपेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित असते, कारण आतलं पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत असतं. बाहेरच पोटॅशियम वाढवलं की हे झिरपणं मंदावतं आणि पटलावरचा विद्युतदाब उतरतो. पटलातली काही कॅल्शियम चॅनेल नेमकी या उताराला प्रतिसाद देतात; ती उघडतात आणि समुद्रातलं कॅल्शियम आत घुसतं. हेच मीठ कॅल्शियम नसलेल्या पाण्यात घातलं, तर केंद्रक जागचं हलत नाही. पोटॅशियम फक्त दार उघडतं, खरं काम कॅल्शियम करतं. इतक्या साध्या साधनांनी कार्यकारणभाव इतका उघड करणारे प्रयोग जीवशास्त्रात फार थोडे आहेत.

तारामाशाची वाट वेगळी. त्याच्या अंडपेशीला परिपक्व होण्याचा आदेश भोवतालच्या पेशींकडून मिळतो. तो देणारं संप्रेरक म्हणजे १-मिथिलॲडेनिन, हे जपानच्या हारुओ कानातानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ओळखलं. इथे महत्त्वाची ठरतात ती आतल्या कॅल्शियम-साठ्यावरची चॅनेल. परिपक्व होताना ती अधिक संवेदनशील होतात, त्यामुळे फलनाच्या वेळी साठ्यातून भरपूर कॅल्शियम सुटतं आणि अंड्याभोवतीचं संरक्षक आवरण वर उचललं जातं. अपरिपक्व अंडपेशीला हे नीट जमत नाही. तिच्यात एकाऐवजी अनेक शुक्राणू शिरतात, आणि असा गर्भ वाढू शकत नाही. वेळेआधीचं फलन असं वाया जातं.

याच तारामाशाच्या अंडपेशीत सुसुमु हागिवारा यांच्या गटाला १९७५ साली कॅल्शियम आत आणणारे दोन वेगळे प्रवाह मोजता आले: एक विद्युतदाबातल्या लहान बदलाने सुरू होणारा, दुसरा मोठ्या बदलाने. पुढे हृदयाच्या आणि मज्जापेशींतही कॅल्शियम चॅनेलचे असेच प्रकार सापडले. त्यांना ‘टी’ आणि ‘एल’ ही नावं मिळाली. आपल्याकडे घरोघरी रक्तदाबासाठी घेतली जाणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी मुख्यतः यातल्या ‘एल’ प्रकारच्या चॅनेलना अडवते. तारामाशाच्या अंड्यावर पैसा आणि आयुष्य कशाला घालवायचं, असं कोणी विचारलं, तर त्याला १९७५ सालचं हे काम जरूर सांगा.

पुढच्या लेखात सागरी अर्चिनच्या अंड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरणारी कॅल्शियमची लाट पाहू.