जुन्या टीव्हीतले पंचवीस हजार व्होल्ट

गेल्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा घरी आला. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मुठीएवढी एक काळी, जड वस्तू. तिच्या डोक्यातून जाड लाल वायर निघालेली आणि वायरच्या टोकाला वाटीसारखी रबरी टोपी. भंगारवाल्याकडून त्याने ती मिळवली होती. "सर, याच्यातून ठिणगी काढायचीय. प्लगला जोडू का?"

जोडण्याआधी त्याने विचारले, हे नशीब. 'नको' म्हणून त्याला वाटेला लावणे सोपे होते. पण नको म्हटलेल्या गोष्टी मुले घरी, एकटी, दार लावून करतात. तेव्हा त्याला बसवले आणि ती वस्तू टेबलावर ठेवली.

टीव्ही दुरुस्त करणारे तिला 'ईएचटी' किंवा 'एलओटी' म्हणत. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत मागच्या बाजूने इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो आणि पडद्यावरच्या प्रकाशमान लेपावर आदळतो. लेप नीट उजळायचा तर इलेक्ट्रॉनांना भरपूर वेग हवा. कृष्णधवल संचात त्यासाठी दहा ते अठरा हजार आणि रंगीत संचात वीस ते पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागे. घरात तर येतात २३० व्होल्ट. मग हा दाब येतो कुठून? बहुतेकांचे उत्तर असते, 'ट्रान्सफॉर्मरने वाढवतात'. ते चूक नाही, पण अर्धेच आहे, आणि खरी गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे.

आपल्याकडच्या प्रक्षेपणात एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे असत. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. एका ओळीच्या वाट्याला येतात ६४ मायक्रोसेकंद. त्यातले सुमारे ५२ मायक्रोसेकंद झोत डावीकडून उजवीकडे सरकत चित्र रेखाटतो. उरलेल्या १२ मध्ये त्याला पुन्हा डाव्या कडेला आणायचे असते. झोत वळवण्याचे काम ट्यूबच्या मानेवरच्या गुंडाळ्यांचे चुंबकीय क्षेत्र करते. म्हणजे त्या गुंडाळ्यांमधला प्रवाह ५२ मायक्रोसेकंद सावकाश वाढवायचा आणि १२ मायक्रोसेकंदांच्या आत एकदम उलटा फिरवायचा. आता फॅरडेचा नियम आठवा. गुंडाळीतला प्रवाह जितक्या झपाट्याने बदलेल, तितका तिच्यात निर्माण होणारा दाब मोठा. या परतीच्या उडीत शंभर-सव्वाशे व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या मंडलात सुमारे हजार व्होल्टचा धक्का उमटतो. उच्च दाब पाहिजे म्हणून कोणी हा धक्का तयार करत नव्हते. झोत मागे नेताना तो आपोआपच मिळत होता. अभियंत्यांनी तो वाया न घालवता ट्रान्सफॉर्मरला दिला. नंतरच्या रंगीत संचांत दुय्यम गुंडाळीचे थर पाडून प्रत्येक थरामागे एक डायोड बसवलेला असे. एका थराला आठ हजार धरले तर तीन थरांचे चोवीस हजार. इंग्रजीत या ट्रान्सफॉर्मरला 'फ्लायबॅक' म्हणतात ते या मागे घेतलेल्या उडीवरूनच.

हे तत्त्व वर्गात दाखवायला टीव्ही लागतच नाही. बंद पडलेल्या एलिमिनेटरमधला २३० ते ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. २३० व्होल्टच्या गुंडाळीला एक निऑन दिवा जोडा. जुन्या एक्स्टेंशन बोर्डावर असे. एलईडी मात्र नको. तो पेटायला साधारण ७० ते ९० व्होल्ट लागतात. ९ व्होल्टच्या गुंडाळीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा आणि काढा. मुलांना आधी अंदाज करायला सांगा. गुंडाळ्यांचे गुणोत्तर सुमारे २५, म्हणजे दीड व्होल्टचे फार तर ३८ होतील. दिवा पेटायला नको. सेल लावताना तो खरोखरच पेटत नाही. पण काढताना, प्रवाह तुटण्याच्या क्षणी, दिवा लुकलुकतो. अंधार केला तर शेवटच्या बाकावरूनही दिसते. लावताना प्रवाह हळूहळू वाढतो, तुटताना एका झटक्यात शून्य होतो, एवढाच फरक. दिव्याकडच्या उघड्या टोकांना मात्र बोट लावू नका, चांगलाच झटका बसतो. मोटरसायकलच्या स्पार्क प्लगमागची इग्निशन कॉइलही याच तत्त्वावर चालते.

त्या मुलाचा पहिला प्रश्न होता, "पंचवीस हजार व्होल्टने माणूस मरतो का?" मी त्याला विचारले, उघड्या टीव्हीत सर्वांत घातक जागा कुठली? त्याने अर्थातच लाल वायरीकडे बोट केले. मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. पिक्चर ट्यूबच्या काचेला आतून-बाहेरून ग्रॅफाइटचा वाहक लेप असतो. दोन लेप आणि मध्ये काच, म्हणजे एक धारित्रच. त्याची धारिता सुमारे २,००० पिकोफॅरड. २५,००० व्होल्टला त्यात साठलेली ऊर्जा, अर्धा गुणिले धारिता गुणिले दाबाचा वर्ग, येते सुमारे ०.६ ज्यूल. आता वायर आत शिरते तिथला साधा दिसणारा धारित्र घ्या: १०० मायक्रोफॅरड, ३२५ व्होल्ट. (२३० हे परिणामी मूल्य, शिखर ३२५.) त्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर, म्हणजे आठपट. शिवाय संच चालू असेल तर त्याच्यामागे अख्खे वीजमंडळ उभे! शरीरातून १०-१५ मिलिअँपिअर गेले की हाताची पकड सुटत नाही आणि ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाची लय बिघडते. हे मेनचे २३० व्होल्ट सहज करू शकतात. ट्यूबचा झटका एकच बसतो, पण त्याने हात असा हिसकतो की डोके किंवा कोपर भलत्याच ठिकाणी आपटते. अनेक जुन्या संचांत तर पूर्ण चासीच मेनशी थेट जोडलेली असे. प्लग कसा खोचला यावर ती जिवंत की मृत हे ठरे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ट्यूब एकदा भूसंपर्क देऊन निर्भार केली तरी काही मिनिटांनी तिच्यावर पुन्हा भार येतो. काचेत मुरलेला भार सावकाश बाहेर येतो. म्हणून जाणकार दोन-तीनदा निर्भार करतात. विद्यार्थ्यांनी बंद टीव्ही स्वतः उघडूच नये. सुटा ट्रान्सफॉर्मर मिळाला तर तो पुरे. ट्यूब फोडायची तर अजिबात नाही: आत निर्वात पोकळी आणि काचेत शिसे. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरलाही हात लावू नये. त्याचे दोन हजार व्होल्ट टीव्हीच्या पंचवीस हजारांपेक्षा कितीतरी घातक, कारण तो शेकडो मिलिअँपिअर देऊ शकतो. हौशी माणसे त्याने मेलेली आहेत.

इतके सगळे सांगून झाल्यावर मी ठिणगीला होकार दिला, तीन अटींवर. पुरवठा १२ व्होल्टच्या बॅटरीचा, मेनचा नाही. लाल वायरीला धारित्र जोडायचा नाही. आणि मी शेजारी असल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही.

रचना साधी होती. फेराइटच्या उघड्या पायावर इनॅमलच्या तारेचे दहा वेढे, ट्रान्झिस्टरला उघडझाप करायला लावणारे आणखी चार, २एन३०५५ हा जाड ट्रान्झिस्टर उष्णतापट्टीवर, आणि बॅटरीच्या मालिकेत मोटारीचा २१ वॉटचा दिवा. त्या दिव्यामुळे काहीही चुकले तरी प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, दिवाच उजळतो. पहिल्यांदा चालले नाही. चार वेढ्यांची टोके उलट जोडली होती. ती बदलताच बारीक शीळ ऐकू आली आणि लाल वायर, कोरड्या पीव्हीसी नळीला बांधलेली, खालच्या एका पिनेजवळ नेताच जांभळी ठिणगी उडाली. तीच पिन भूसंपर्काला जोडायची. बंद केल्यावर दर वेळी लाल टोक त्या पिनेला टेकवून मगच हात घालायचा.

ठिणगीच्या लांबीवरून दाबाचा अंदाज येतो, पण जपून. गुळगुळीत गोलांमध्ये कोरडी हवा सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टला फुटते. सुयांच्या टोकांमध्ये त्याच्या अर्ध्याहूनही कमी दाब पुरतो. नुसती ठिणगीची लांबी मोजून 'माझे तीस हजार' म्हणणारे बरेच भेटतात.

ठिणगीचे कौतुक दहा मिनिटांत ओसरते. खरा उपयोग पुढे आहे. जून ते सप्टेंबर आपल्या शाळांत स्थितिक विद्युतचे प्रयोग फसतात. कंगवा घासा नाहीतर एबोनाइटची कांडी, दमट हवेत भार टिकत नाही. या पुरवठ्यात भार सतत भरला जातो, म्हणून पावसातही प्रयोग होतो. एका रुंद बरणीच्या आतून, पाहायला फट ठेवून, अॅल्युमिनियमचा कागद लावला आणि तो भूसंपर्काला जोडला. झाकणातून टोकदार तार मधोमध सोडली, कागदापासून चार सेंटिमीटर दूर, म्हणजे ठिणगी पडणार नाही. बरणीत उदबत्तीचा धूर भरला, उदबत्ती बाहेर काढली आणि बॅटरी जोडली. धूर एकदम घुसळला आणि काही सेकंदांत बरणी स्वच्छ! टोकाजवळची हवा आयनित होते, आयन धुराच्या कणांना चिकटतात आणि कण कागदावर जाऊन बसतात. फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७च्या सुमारास कॅलिफोर्नियात हीच युक्ती कारखान्याच्या धुराड्यासाठी वापरली. चंद्रपूर, कोराडीच्या औष्णिक केंद्रांत राख पकडणारी यंत्रे याच जातीची.

एक खबरदारी राहिली. हा दाब निर्वात नळीला, जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हला किंवा हवा काढलेल्या बल्बला देऊ नये. वेगवान इलेक्ट्रॉन काचेवर किंवा धातूवर आदळले की क्ष-किरण निघू शकतात. १९६७ साली अमेरिकेत रंगीत टीव्ही संचांतून असे किरण जास्त प्रमाणात निघत असल्याचे आढळले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यासाठी कायदा झाला.

तो मुलगा आता बरणीतल्या कागदावर बसलेल्या काजळीचे वजन करता येईल का, या खटपटीत आहे. शाळेचा तराजू दहा मिलिग्रॅमच्या खाली जात नाही. एका उदबत्तीने भागायचे नाही, पुडाच लागेल असे दिसते.