चिमूटभर मीठ, चमचाभर साखर

जुलाब लागलेल्या माणसाला नुसतं पाणी पाजून भागत नाही. आतड्यातलं पाणी रक्तात जातं ते मिठातल्या सोडियमच्या मागोमाग. आणि सोडियमला पेशीत ओढून नेणारं एक प्रथिन सोबत ग्लुकोज असेल तरच हलतं. पटकीत आतडं भराभर पाणी बाहेर टाकत असतं, तरी हे प्रथिन शाबूत राहतं. सगळी गंमत इथेच आहे.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली, सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवला. नातेवाईकच रुग्णांना पाजत. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. (पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. फारच उशीर!)

घरात अशा मिश्रणाचं, म्हणजे ओआरएसचं, पाकीट नसेल, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 'ताकद येईल' म्हणून साखर वाढवू नका. जास्तीची साखर रक्तातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक नको म्हणतात ते त्यासाठीच.