खेळणारी पोरगी उद्याची प्रशिक्षक

बचत गटाची बैठक संपली, वहीवर सह्या झाल्या, की खऱ्या गप्पा सुरू होतात. अशाच एका बैठकीत एका ताईनं आम्हाला विचारलं, "माझी पोरगी यवतमाळला कॉलेजात बास्केटबॉल खेळते. तिचे सर म्हणतात, पदवी झाली की माझ्या हाताखाली सहायक प्रशिक्षक म्हणून ये. घरचे म्हणतात, खेळून का पोट भरते? लग्नाचं पाहा. हे काम तरी काय असते?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. मग आम्ही विचारपूस केली. जे समजलं ते आज सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. एका बाजूनं पाच जणी, दहा फूट उंचीवर लोखंडी कडं, त्यात चेंडू टाकायचा. 1891 साली अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो आपल्या कॉलेजच्या मुलींना शिकवला. म्हणजे बायकांनी शिकवणं या खेळात पहिल्यापासून आहे.

आता सहायक प्रशिक्षकाचं काम. मुख्य प्रशिक्षक डाव ठरवतो, तो पोरींच्या अंगवळणी पाडायचा सहायकानं. सकाळी सगळ्यांआधी मैदानावर जायचं, हजेरी घ्यायची, अंग मोकळं करून घ्यायचं, एकेकीचा हात-पाय कसा पडतो ते पाहून चूक सुधारायची. सामना चालू असताना कोणाचे किती फाऊल झाले याचा हिशेब ठेवायचा, कारण पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. पाय मुरगळला तर प्रथमोपचार, बाहेरगावी जायचं तर तिकिटं, आणि पोरीच्या आईचा फोन आला तर धीर देणं, हेही तिचंच काम. घरात मोठ्या जावेच्या हाताखाली नवी सून सगळं शिकते ना, तसंच आहे हे. हाताखालचं म्हणून हलकं समजू नका. मुख्य प्रशिक्षक इथंच घडतो.

तिथं पोचायची वाट अशी. पहिली पायरी खेळाची. कॉलेजच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून निवड झाली तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा संघ. यवतमाळ जिल्हा याच विद्यापीठात येतो. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जमिनीच्या सातबाऱ्यासारखं जपून ठेवा. पुढं प्रवेशाला आणि नोकरीला तेच लागतं.

दुसरी पायरी शिक्षणाची. बीए, बीकॉम, कोणतीही पदवी झाली की दोन वर्षांचं बी.पी.एड. करता येतं. त्याची राज्याची सीईटी असते, लेखी आणि मैदानावरची. आपल्याला जवळचं ठिकाण अमरावती. तिथलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकानं तिकडं जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. शिकवण्याचंच खास प्रशिक्षण हवं असेल तर पंजाबात पटियाला इथं राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथं एका वर्षाची पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स असतो. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं असेल तर मात्र एम.पी.एड. आणि पुढं नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. लागते.

आता पैशाचं खरं बोलू. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजात सहायक प्रशिक्षक अशी कायम जागा नसते. मानधनावर काम मिळतं, तेही कधी हंगामापुरतं. म्हणून मुली शाळेत तासिका घेतात, उन्हाळी शिबिरं चालवतात, पंचाची परीक्षा देतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरावीक पातळीवरचं पदक आणि क्रीडा विभागाची पडताळणी लागते. झटपट पगाराची ही वाट नाही, पण चालत राहिलं तर वाट आहे.

किती लांब जाते ती? वाराणसीची दिव्या सिंह भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार होती. ती अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथल्या महिला संघाची सहायक प्रशिक्षक झाली. पुढं 2014 च्या आशियाई स्पर्धेत ती भारतीय महिला संघाबरोबर सहायक प्रशिक्षक म्हणून गेली. खेळ वेगळा, पण आपल्या महाराष्ट्रातलं नाव सांगायचं तर नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी इराणच्या मुलींना कबड्डी शिकवली आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत त्या संघानं भारताला 27-24 असं हरवून सुवर्णपदक नेलं. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. खेळाडूचं वय सरतं, शिकवणारीचं वाढत जातं.

दोन गोष्टींत मात्र सावध राहा. एक, प्रवेशाआधी बी.पी.एड.ला एनसीटीईची मान्यता आहे का ते पाहा. आमच्या ओळखीच्या एका मुलीनं न विचारता एका कोर्सचे पैसे भरले आणि तो कागद कुठंच चालला नाही. गटाचं कर्ज मात्र तिच्या आईला फेडावं लागलं. दुसरी, बाहेरगावी संघ जातो तेव्हा सोबत बाई शिक्षिका आहे का, राहायची सोय कुठं, हे आईनं विचारायलाच हवं. 2013 च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि स्टेडियमही येतात. जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला, तिथं अंतर्गत तक्रार समिती पाहिजे. पोरीला त्या समितीची माहिती असू द्या.

त्या ताईला आम्ही पुढच्या बैठकीत एवढंच सांगितलं, की लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. एक दिवस मैदानावर जाऊन पोरगी लहानग्यांना कशी शिकवते ते पाहा. त्या गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला खेळातलं काही समजलं नाही. पण वीस पोरी माझ्या पोरीचं ऐकत होत्या." बी.पी.एड.च्या फीसाठी त्यांचा कर्जाचा अर्ज आता गटासमोर आहे. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर शेळीच्या कर्जाला जेवढा वेळ देता तेवढा त्यालाही द्या.