मतदारयादीतला मोबाइल नंबर

अमेरिकेत कामगार संघटनेला मान्यता द्यायची का, हे बहुधा गुप्त मतदानाने ठरते. पण मतदार कोण? १९६६च्या ‘एक्सेलसियर अंडरवेअर’ निवाड्यापासून मालकाला पात्र कामगारांची नावे-पत्ते संघटनेला द्यावे लागतात. २०१५पासून मालकाकडे असलेले खासगी फोन, ईमेलही त्यात आले.

कामगाराची संमती मात्र कोणी घेत नाही, आणि हे खटकते. यादी त्या निवडणुकीपुरती आणि तिच्याशी निगडित बाबींपुरतीच वापरायची, एवढे बंधन आहे.

पात्रतेवर हरकत आली तरी मतदाराला परत पाठवत नाहीत, ही खरी जमेची बाजू. त्याची मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते. नाव पाकिटावर, मतपत्रिकेवर नाही. निकाल अशा मतांवर अडला तरच पात्रतेची चौकशी होते. एकाच पाकिटावर निकाल अडला, तर मात्र गुप्तता टिकणे अवघड.