पिअर्सन विरुद्ध चंग

पिअर्सन विरुद्ध चंग हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन, डी.सी. येथील न्यायालयात चाललेला दिवाणी खटला होय. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात हरवल्याचे सांगितल्या गेलेल्या एका पँटवरून कोट्यवधी डॉलरांची मागणी झाल्यामुळे तो ‘पँटचा खटला’ या नावाने जगभर गाजला. वादी रॉय पिअर्सन हे स्वतः वकील व प्रशासकीय न्यायाधीश होते. त्यामुळे वकिली नीतिमत्तेच्या अभ्यासात या खटल्याचे महत्त्व त्यातील विनोदापेक्षा अधिक आहे.

पार्श्वभूमी

मे २००५ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशपदाचा कार्यभार स्वीकारताना पिअर्सन यांनी सुटाची पँट कंबरेत सैल करण्यासाठी ‘कस्टम क्लीनर्स’ या दुकानात दिली. या कामाची मजुरी १०.५० डॉलर होती. पँट ठरल्या दिवशी मिळाली नाही. काही दिवसांनी दुकानदारांनी एक राखाडी पँट पुढे केली. ती आपली नव्हे, असे सांगून पिअर्सन यांनी ती नाकारली आणि नव्या सुटाच्या किमतीपोटी हजाराहून अधिक डॉलर मागितले. दुकान कोरियन वंशाच्या चंग कुटुंबाचे होते. पुढे या कुटुंबाने तडजोडीसाठी अनुक्रमे ३,०००, ४,६०० आणि १२,००० डॉलर देऊ केले. तिन्ही प्रस्ताव फेटाळले गेले. खटला खऱ्या अर्थाने येथेच संपावयास हवा होता.

मागणीचा हिशेब

दुकानात ‘समाधानाची हमी’ आणि ‘त्याच दिवशी सेवा’ अशा आशयाच्या पाट्या होत्या. या पाट्या म्हणजे ग्राहकांची फसवणूक आहे, असा वादीचा मुख्य दावा होता. स्थानिक ग्राहक संरक्षण कायद्यात प्रत्येक उल्लंघनास १,५०० डॉलरची तरतूद होती. पिअर्सन यांनी १२ उल्लंघने धरली, ती १,२०० दिवस चालल्याचे मानले आणि तीन प्रतिवादी असल्याने आलेल्या रकमेला तीनने गुणले. हा गुणाकार ६ कोटी ४८ लाख डॉलर होतो. मानसिक त्रास, स्वतःच स्वतःचे वकील म्हणून केलेल्या कामाचे शुल्क, तसेच दुसऱ्या दुकानात जाण्यासाठी दहा वर्षे दर आठवड्याच्या शेवटी लागणाऱ्या भाड्याच्या मोटारीचा खर्चही मागण्यात आला. एकूण मागणी सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरांवर गेली. सुनावणीपूर्वी ती ५ कोटी ४० लाखांवर आणण्यात आली. अंकगणित बिनचूक होते. चूक होती ती कायद्याच्या वाचनात.

निकाल

सुनावणी जून २००७ मध्ये झाली. २५ जून २००७ रोजी न्यायाधीश ज्युडिथ बार्टनॉफ यांनी प्रतिवादींच्या बाजूने निर्णय दिला. ‘समाधानाची हमी’ याचा अर्थ ग्राहकाची कोणतीही अवाजवी मागणी पुरवणे असा समंजस ग्राहक लावणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दाखवलेली पँट आपली नव्हती, हेही वादीस सिद्ध करता आले नाही. डिसेंबर २००८ मध्ये अपील फेटाळले गेले.

परिणाम

खटला जिंकूनही चंग कुटुंबाने २००७ मध्येच हे दुकान बंद केले. वकिलांचा खर्च भागवण्यासाठी त्यांना देणग्यांचा आधार घ्यावा लागला होता. पिअर्सन यांची न्यायाधीशपदी फेरनियुक्ती झाली नाही. त्याविरुद्धचा त्यांचा स्वतंत्र दावाही टिकला नाही. शिस्तभंगाची कारवाई मात्र बरीच लांबली. २०२० मध्ये डी.सी.च्या अपील न्यायालयाने त्यांची वकिलीची सनद ९० दिवसांसाठी निलंबित केली. निराधार दावे मांडण्यास मनाई करणाऱ्या नियम ३.१ चा आणि न्यायदानात गंभीर अडथळा आणण्याविषयीच्या नियम ८.४(ड) चा भंग झाल्याचे ठरले.

पॅरालीगल अभ्यासक्रमातील उपयोग

पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या देखरेखीखाली कायदेविषयक काम करणारा, परंतु स्वतः वकिलीची सनद नसलेला साहाय्यक. (भारतातील विधी सेवा प्राधिकरणांचे विधी स्वयंसेवक याहून वेगळे, ते लोकांना कायदेविषयक मदतीपर्यंत पोहोचवतात.) अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियम ५.३ नुसार अशा साहाय्यकाचे वर्तन वकिलाच्या व्यावसायिक कर्तव्यांशी सुसंगत राहील, याची काळजी वकिलाने घ्यावयाची असते. दाव्याचा मसुदा, नुकसानभरपाईचे तक्ते, आधारभूत निवाड्यांचा शोध ही कामे पुष्कळदा पॅरालीगलच्याच हातून होतात. म्हणून प्रस्तुत खटल्यातील गुणाकाराचा तक्ता विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास विशेष उपयुक्त आहे: प्रत्येक आकड्यामागे कायद्याचे कोणते कलम आहे, असे विचारत गेल्यास तो कोठे कोसळतो हे लगेच दिसते.

तडजोडीचा प्रस्ताव कार्यालयात आल्यास तो स्वीकारणे किंवा नाकारणे पॅरालीगलच्या अधिकारात नसते. त्याने तो तत्काळ वकिलाकडे द्यावयाचा असतो, वकिलाने अशिलास कळवावयाचा असतो आणि निर्णय अशिलाचा असतो. या खटल्यात अशील व वकील एकच व्यक्ती होती. ‘१२,००० डॉलर घ्यावेत’ असा सल्ला तटस्थपणे देणारे कोणी त्या मेजापलीकडे बसलेलेच नव्हते.